सोमवारी मांगर उघडला, काकी

काकी, तुझ्या बाराव्याचं जेवण झालं आणि लोकांनी हात धुवायच्या आधीच तुझं काम बंद करायला घेतलं.

पंगत अजून उठली नव्हती. काळ्या वाटाण्याचं सांबारं सगळ्यांनी दोनदा मागून घेतलं, वडे संपले, "काकी म्हणजे देवमाणूस" असं तीन-चार जणांनी तोंडात घास असतानाच म्हणून झालं. मग मच्छीमार सोसायटीचा चेअरमन पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाला, "काकी होती तेवा ठीक होता. आता ती सोमवारची बैठक बंद करूया. पोरां सोकावतत. पोलीस आसत, कायदो आसा, कोर्ट आसा. आपण कोण न्याय देवक?" आणि तुझ्या बाराव्याचं जेवलेली माणसं माना डोलवायला लागली. मला इतका राग आला की पुढचा भात तसाच राहिला. चेअरमनचा आला, मान डोलवणाऱ्यांचा आला, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त तुझा आला. एक प्रकरण अर्ध्यावर टाकून मरायची तुला एवढी काय घाई होती?

शाळेच्या बाई म्हणाल्या, वाचनालयात काकींचा फोटो लावायचाय, खाली दोन पानं तुम्ही लिहा. जन्म कधी, लग्न कधी, स्वभाव कसा, समाजकार्य काय. ती दोन पानं मी लिहीन, सरळ आणि नीटनेटकी. ही पानं वेगळी. ही कुठे लागणार नाहीत. बारा वर्षं मी तुझ्याशी भांडलो, आता उरलेलं भांडण मला एकट्यालाच करायचं आहे, तर ते तुझ्या तोंडावर केलेलं बरं.

आपली गाठ पडली तीही भांडणातच. तसं नातं आधीपासून होतं, तू माझ्या बापाच्या चुलत भावाची बायको, दाराला दार. पण ते नातं म्हणजे कढीपत्ता मागण्यापुरतं. खरी गाठ पडली अठ्ठ्याण्णव साली, जेव्हा मी एका पंधरा वर्षांच्या मुलाला कॉलरला धरून पोलीस चौकीकडे चालवत होतो. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या रापणीच्या जाळ्यात प्रत्येकाने आपापला तुकडा जोडलेला असतो, तसा माझाही होता. त्या माझ्या तुकड्याच्या खालच्या दोरीची शिसं कापून या मुलाने भंगारवाल्याला घातली होती. शिशाचं एवढं नाही, पण मेल्याने घाईत सुरी चालवून चार वाव, म्हणजे चोवीस फूट, जाळं फाडून ठेवलं होतं. आणि मी रापणीचा तांडेल, दोर ओढणाऱ्या साठ माणसांचा म्होरक्या. माझंच जाळं फाडलं, मग माझा मान राहिला कुठे?

तू बाजाराला निघाली होतीस. मला बघितलंस आणि भर रस्त्यात डोक्यावरची पाटी उतरवून माझ्या पायांपुढे ठेवलीस. मासे भरलेली पाटी ओलांडायची आमच्यात कुणाची छाती नाही.

"खंय चललंस तेका घेवन?"

"चौकीर."

"बरा. मगे जाळा कोण शिवतलो? फौजदार?"

मी म्हटलं, "काकी, वाटेतसून बाजूक हो. चोरी केल्यान ह्येना."

"केल्यान मां. म्हणान तर तो शिवतलो. चौकीर नेलंस तर हो थंय बाकड्यार बसतलो, नि जाळा हंय फाटलालाच ऱ्हवतला."

भोवती दहा माणसं जमली होती आणि त्यातली चार हसत होती. मी परतलो तो लाजेने. मला त्या दिवशी काहीही पटलेलं नव्हतं, हे तुला तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगतो.

दुपारपासून तो आणि मी जाळ्यांच्या मांगरात समोरासमोर बसून जाळं शिवायला लागलो. तीन दिवस मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. चौथ्या दिवशी त्याच्या गाठी सैल पडताना बघवेना म्हणून ओरडलो. एकदा ओरडलो म्हणजे बोलणं आलंच. जाळं पुरं झालं तेव्हा तू त्याला रापणीच्या दोरावर नेमकं माझ्या पुढे उभं केलंस, आणि ओढून झाल्यावर वाळूत मासळीचे वाटे पडले तेव्हा एक वाटा त्याच्या पायाशी घालायला लावलास. मी तडकलो. चोराला वाटा? तू शांतपणे म्हणालीस, "दोर ओढल्यान मां? दोर ओढता तेका वाटो. वाटो दिलंस नाय तर तो रापणीतलो कसो? नि रापणीतलो नाय तर आपल्या जाळ्याची तेका काय पडलीहा?"

तो मुलगा आज स्वतःची होडी चालवतो आणि त्याची गाठ माझ्यापेक्षा घट्ट बसते. नाव इथेही लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

तू नियम कधी कागदावर मांडले नाहीस. अक्षराशी तुझं फारसं जमायचंही नाही. पण हळूहळू ते पडत गेले. पहिली चूक असेल तरच आपल्याकडे. ज्याचं नुकसान झालं आणि ज्याने केलं, त्यांनी बाजूबाजूला बसून एक काम पुरं करायचं, आणि ते काम शक्यतो त्याच नुकसानीचं. करणाऱ्याला वाटा मिळायचा. आणि काम संपलं की विषय संपला, परत कुणाच्या तोंडून निघता कामा नये, भांडणात नाही, दारूत नाही, लग्न मोडायलाही नाही. सोमवारी लोक मासे खात नाहीत, म्हणून तुला बाजार नसायचा, म्हणून बैठक सोमवारी. रापणीची जाळी ठेवायचा मांगर ही आपली कचेरी. लोक तुला थोर विचाराची बाई म्हणतात, पण निम्मी व्यवस्था तुझ्या सुट्टीच्या दिवसावर बसवलेली होती.

एकदा तालुक्याचे एक वकील कुतूहलाने येऊन बसले. जाताना म्हणाले, काकी, लहान मुलांना गुन्हेगार समजू नका असं आता कायदाही म्हणतो. तू मशेरीचं बोट तोंडातून काढलंस आणि म्हणालीस, "मगे कायदो माझ्याच बाजून आसा म्हणा की! तेका सांगा, दर सोमवारी येत जा." वकील हसता हसता रस्त्यापर्यंत गेले. कसालहून एक हेडमास्तर आले होते, आमच्याकडेही असं सुरू करायचंय म्हणाले. तू त्यांना विचारलंस, तुमच्याकडे माणसं एकत्र मिळून काय ओढतात? त्यांना सांगता येईना. "तां सोधा पयलां, मगे बैठक," म्हणून तू त्यांना सोलकढी पाजून परत पाठवलंस. मला ते उद्धट वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

आता आपल्या न मिटलेल्या भांडणाकडे येतो. माझं म्हणणं होतं की तू लोकांना माफ करायला लावतेस. ती कोंबड्यांवाली म्हातारी आठवते? दोन पोरांनी तिच्या तीन कोंबड्या मारून समुद्रावर भाजून खाल्ल्या. बैठकीत तू विचारलंस, पोरं तुझा कुडाचा खुराडा बांधून देतील, चालेल ना? ती म्हणाली, "बरां." मी घरी येऊन तुझ्याशी तासभर भांडलो. म्हातारी "बरां" म्हणाली, पण तुझ्यापुढे "नको" म्हणायची वाडीत कुणाची टाप होती? चौकीत निदान तिला तक्रार तरी मांडता आली असती. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "मगे तू कित्याक आसस थंय? मी इचारून झाल्यार तू तेंका एकट्यान इचारीत जा." त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. पण "तुझां बरोबर आसा" हे तीन शब्द तू मला कधी दिले नाहीस. बाजारात बाई फणकाऱ्याने मासा परत टाकते ना, तसं माझं म्हणणं तू टाकायचीस आणि मग गुपचूप उचलून घ्यायचीस.

आणि तू सगळ्यांनाच आत घेतलंस असंही नाही. माझ्या पुतण्याने एस. टी. स्टँडवर एका मुलीचा हात धरला, तेव्हा मी तुझ्याकडे आलो होतो. पहिलीच चूक आहे, म्हटलं, सोमवारी बसवूया. तू चुलीवरून उठलीसुद्धा नाहीस. "तां चेडू बसतला तेच्या बाजूक? तिका इचारलंस? मगे माका कित्याक इचारतंस?" तुझं दार बंद झालं. भावाने आमच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं, पण पुतण्या चौकीत गेला, आणि जायलाच हवा होता. परवा पंगतीत "पोरां सोकावतत" म्हणणाऱ्यांना यातलं काही माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण आठवायचं नाही.

इथपर्यंत सगळं तुझं झालं. आता माझं.

सात वर्षांपूर्वीची नारळी पौर्णिमा. दर्याला नारळ घालताना गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. त्या वर्षी आपल्या वाडीतला एक मुलगा पहिल्यांदा होडीवर जाणार होता. आदल्या वर्षी त्याने दुसऱ्याच्या होडीतलं डिझेल काढलं होतं, मग बैठक झाली, त्या होडीवाल्याबरोबर त्याने होडीचा अख्खा तळ घासून रंगवला, विषय संपला. मला तो मुलगा आवडायचा. दर्या खवळलेला होता. मला वाटलं, याच्यासाठी देवाकडे चार शब्द जास्त बोलावे.

"बा देवा म्हाराजा, आज हे समस्त वाडीकर मिळान तुका नारळ घालतत, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नि ह्या आमच्या झिलान गेल्या वर्सा होडयेतला डिझेल चोरल्यान, ती तेची चूक पोटात घाल, तेका सुबुद्धी दी, नि तेच्या पाठीशी रव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खी वाडी एका आवाजात म्हणाली. मुंबईचे चाकरमानी म्हणाले, शाळेतली पोरं म्हणाली. त्याच्या बहिणीची सोयरीक जमत होती, ती माणसं मुद्दाम नारळ बघायला आली होती, तीही हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणाली. मी डोळे उघडले तेव्हा तो मुलगा गर्दीतून मागे सरकत होता. त्याचा बाप पाण्याकडे बघत उभा होता.

तू मला तिथे काही बोलली नाहीस. घरी आलीस.

"देवाक म्हायत नव्हता?"

"माणसांका खंय सांगितलंय, काकी? देवाक सांगितलंय."

"मगे इतक्या मोठ्यान कित्याक? देव भैरो आसा?"

तिसऱ्या दिवशी तो गोव्याला गेला. वास्कोला ट्रॉलरवर लागला. सोयरीक मोडली नाही, एवढं देवाने माझ्यावर उपकार केले. तो गणपतीला दोन दिवस येतो, आरती करतो, किनाऱ्यावर उतरत नाही. तू गेल्याचं त्याला कळवलं. तो आला नाही.

पुढच्याच सोमवारी तू मला मांगरात बोलावलंस आणि मी नेहमीच्या जागी बसायला गेलो तर म्हणालीस, "थंय नको. हंय बस." मी एक्केचाळीस साली जन्मलेला माणूस, साठ माणसांचा तांडेल, आणि तू मला पोरांच्या जागी बसवलंस. मुलगा तर निघून गेला होता, म्हणून त्याच्या बापाला बाजूला बसवलंस. त्याला होडीवर मुलाचे हात कमी पडत होते. तो पूर्ण हंगाम मी त्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेलो. तो सांगेल ते वल्हं मारायचं, तो सांगेल तेव्हा जाळं टाकायचं. लोक किनाऱ्यावरून बघायचे. पहिला महिनाभर मी तुला रोज मनात शिव्या दिल्या, आणि त्या मोजक्या नव्हत्या. मग एकदा त्याने आपल्या डब्यातला तळलेला बांगडा अर्धा मोडून माझ्याकडे सरकवला आणि वाऱ्याबद्दल काहीतरी बोलला. हंगाम संपला तेव्हा वाटा मिळाला. त्या दिवसापासून वाडीत कुणी तो विषय काढला नाही. तू तर नाहीच.

आणि इथेच माझी अडचण झाली, काकी. तुझा नियमच असा की संपलं ते संपलं. मग मी माफी कधी मागायची? आभार कधी मानायचे? एकदा अंगणात तुझ्याजवळ बसून मी तोंड उघडलं, "काकी, त्या येळेक..." तू लगेच म्हणालीस, "खंयच्या येळेक?" आणि डबी उघडून मशेरी लावायला घेतलीस. तू मला उठवलं नाहीस, हाकललं नाहीस, माझं नाव खराब होऊ दिलं नाहीस, आणि हे सगळं तुला एकदा तोंडाने सांगावं एवढीच माझी इच्छा होती. आता सांगतो. माझं चुकलं होतं, आणि तू मला माणसांत ठेवलंस. आता "खंयच्या येळेक" विचारायला तू नाहीस, त्यामुळे ऐकावं लागेल.

आता त्या अर्ध्या प्रकरणाचं. ते तू खाटेवरून हातात घेतलंस. सतरा वर्षांची, बारावीला असलेली मुलगी, नर्सिंगला जायचं म्हणते. पर्यटकांसाठी खोल्या ठेवणारी, वाडीत सगळे जिला वहिनी म्हणतात, तिच्याकडे सकाळी झाडलोट करायची. तिथे उतरलेल्या पुण्याच्या पाहुण्यांचा मोबाइल तिने उचलला. पाहुण्यांनी वहिनीला सगळ्यांदेखत चोर ठरवलं आणि तणतणत निघून गेले. दोन दिवसांनी मोबाइल मुलीच्या घरी तांदळाच्या डब्यात सापडला. वहिनी पेटली. चौकीत जाऊन तोंडी सांगून आली, लेखी द्यायला निघाली. तू तिला बोलावून घेतलंस आणि बारा दिवसांचा शब्द घेतलास. चार दिवसांनी तू गेलीस. ते बारा दिवस वहिनीने तुझ्या बाराव्यापर्यंत नेले, एवढा तिचा मोठेपणा.

तर पंगतीत चेअरमन बोलला आणि माना डोलल्या. मी उठलो. म्हटलं, "सोमवारी बैठक होतली. मी बसतलंय."

"तू?" चेअरमन हसला. "तू कोण? देवाच्या म्होरे पोराक उघडो पाडलंस, तो तूच मां?"

काकी, सात वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य कुणाच्या तोंडून निघालं. आणि तुला ठाऊक आहे माझ्या जिभेवर काय होतं. चेअरमनच्या घरातलं एक माणूस सहा वर्षांपूर्वी त्याच मांगरात बसलं होतं. काय केलं होतं, ते ठाऊक असलेली आता आम्ही पाचच माणसं उरलोत. एक वाक्य बोललो असतो तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. चेअरमनची बायको भाताचं पातेलं घेऊन वाढायला आली होती, ती तशीच थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. चेअरमनच्याही लक्षात आलं बहुतेक, कारण त्याचं हसू गेलं.

मी म्हटलं, "व्हय. तो मीच. म्हणान तर माका म्हायत आसा पोराचा काय जाता ता. मी सोमवारी बसतलंय. कोणाक येवचा आसात तो येव, नको आसात तो रव."

आणि हात धुवायला गेलो. मागून चेअरमनची बायको आली, पाणी घालायला लागली. हळूच म्हणाली, "बोललास नाय, भावजी."

"काय बोलाचा होता?" मी विचारलं.

तिने अजून एक तांब्या पाणी घातलं आणि गेली.

सोमवारी मांगर उघडला. किती आले असतील? वहिनी, ती मुलगी, तिची आई, आणि मी. बाहेर दोन-चार जण जाळी नीट करत असल्याचं सोंग करून कान लावून होते. वहिनी आल्या आल्या म्हणाली, "माझ्या खोलयेंनी हिचो पाय पडाचो नाय. आधीच सांगतंय." झालं. बाजूबाजूला बसून काम करायचं हा तुझा पहिला नियम, आणि तो दारातच अडला. तू असतीस तर काहीतरी खवचट बोलून तिला हसवलं असतंस आणि मग वळवलं असतंस. मला ते येत नाही. मी आपला माझा मार्ग धरला. म्हटलं, "वयनी, काकी आता नाय. कोणाची भीड धरू नको. तुका नको आसात तर नको म्हण, चौकी उघडी आसा. तू लेखी दिलंस तरी वाडीत तुका कोण काय म्हणाचो नाय, ता माझ्यार लागला."

मुलीच्या आईने तोंडाला पदर लावला. मला क्षणभर वाटलं, मी आता हे घालवलं, एका मुलीचं वर्ष, तिचं नर्सिंग, आणि तुझी बारा वर्षं. पण तुझ्याशी इतकं भांडून झाल्यावर मी दुसरं काही बोललो असतो तर ते खोटं झालं असतं.

वहिनीने पुढ्यातलं जाळं बाजूला सारलं. मग मुलीला म्हणाली, "कित्याक घेतलंस गो?"

"तेंचा चेडू माझ्याच वयाचा होता," मुलगी म्हणाली. "खोलयेत लोळान फोटो काढी होता. मी तेंचे चादरी घडी करी होतंय. माका वाटला, एकदा हातात धरून बघूया. मगे परत ठेवतलंय होतंय, तोवर ती आरडाक लागली नि मी भियालंय."

"नि मी? माझी पेटी उघडूक लायली तेणी. माझे कपडे भायर काढल्यानी. माझ्याच घरात, माझ्या झिलाच्या म्होरे."

मुलीला हे माहीत नव्हतं. ती तोवर धीराने बसली होती, आता रडायला लागली. थोड्या वेळाने ती नाक पुसून म्हणाली, "तेंका मी फोन करतंय. आताच. मी सांगतंय तेंका." वहिनीने वहीत नंबर शोधला आणि आपला फोन तिच्या हातात दिला. मुलीने शुद्ध मराठीत, शाळेत धडा म्हणतात तशी, सगळं सांगितलं. मी घेतला, मालकीणबाईंचा दोष नव्हता, पार्सलने पाठवते. पलीकडून पाहुणा ओरडत होता ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. मुलगी फोन कानाला धरून नुसती उभी.

मग वहिनी उठली आणि तिने फोन ओढून घेतला.

"हे बघा," ती म्हणाली, "मुलगी आमची आहे. चूक केली, ती तिने स्वतः सांगितली. तुमची वस्तू तुम्हाला पोचेल. आता तुम्ही माझी पेटी उघडून कपडे बाहेर काढलेत, त्याचं काय ते तुम्ही सांगा." थोडा वेळ ऐकलं, "बरं, बरं" म्हणाली, आणि फोन ठेवला. तो काय म्हणाला ते तिने आम्हाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पदर खोचता खोचता मुलीला म्हणाली, "फाल्या सात वाजता ये. मागल्या दोन खोलये रंगवूचे आसत, दोघांनी रंगवूया. उशीर केलंस तर बघ."

बैठक संपल्यावर मी वहिनीला एकटीला गाठून विचारलं, मनापासून म्हणालीस की कसं? ती म्हणाली, "गप रे. मनात नसता तर म्हटलंय नसतंय." मला इतकं बरं वाटलं, काकी, की मी घरी जाऊन तुझ्या बंद दारासमोर उभा राहिलो आणि मोठ्याने रडलो. बघणाऱ्यांनी बघितलं. बघू देत.

काल मंगळवारी चौकीत गेलो. वहिनीने तोंडी सांगितलेलं होतं, ते मिटलं म्हणून कळवायला हवं. फौजदार नवीन आहे, पण माणूस बरा. खुर्ची दिली.

"या कामासाठी आधी एक बाई यायच्या ना?"

"वारल्या," मी म्हटलं.

"मग हे आता कोण बघतं? उद्या काही उलटंसुलटं झालं तर मी कुणाला विचारायचं?" त्याने वही ओढली. "तक्रार आपसांत मिटली एवढं टिपून ठेवतो. नाव लागेल. मुलीचं नाव सांगा."

"मुलीचं नको, साहेब."

"मग कुणाचं लिहू? कुणाचं तरी लागेल की."

"माझं लिहा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पेनचं टोपण काढलं. मी माझं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव, वाडी, घर नंबर. सावकाश सांगितलं, म्हणजे लिहिताना चुकायला नको. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवायला सांगितली आणि सगळं बरोबर आहे ना ते वाचून बघितलं.